साम रेन्सीवरील सीमास्तंभ खटला

कंबोडियातील विरोधी पक्षाचा नेता साम रेन्सी (१० मार्च १९४९– ) याच्यावर व्हिएटनामलगतच्या सीमेवरील खुंट उपटल्याबद्दल २००९-१० मध्ये चालविण्यात आलेला फौजदारी खटला, तसेच त्यातून पुढे उद्भवलेली खटल्यांची मालिका. उपटलेले खुंट लाकडी होते व त्यांची संख्या अवघी सहा होती. परंतु देशाची सीमा नेमकी कोठून जाते हा प्रश्न जाहीरपणे विचारण्याचा अधिकार कोणाला, हा या खटल्यामागील खरा वाद होता. त्यामुळे आग्नेय आशियाच्या अलीकडील राजकीय इतिहासात या प्रकरणाला त्याच्या बाह्य स्वरूपापेक्षा बरेच अधिक महत्त्व प्राप्त झाले.

या वादाची मुळे जुनी आहेत. मेकाँग नदीचा त्रिभुज प्रदेश हा पूर्वी ख्मेर राज्याचा भाग होता. सतराव्या-अठराव्या शतकांत व्हिएटनामी वसाहतकार व त्यांच्या पाठोपाठ न्‌ग्वेन घराण्याची सत्ता दक्षिणेकडे सरकत गेली आणि हा सुपीक प्रदेश ख्मेर राजांच्या हातून निसटला. आजचे हो-चि-मिन्ह नगर (सायगाव) ज्या जागी उभे आहे, तेथील वस्तीस ख्मेर लोक प्रेय नोकोर म्हणत. या प्रदेशात मागे राहिलेल्या ख्मेर भाषिकांस ‘ख्मेर क्रोम’ म्हणजे खालच्या प्रदेशातील ख्मेर अशी संज्ञा आहे. गमावलेल्या भूमीची ही आठवण कंबोडियाच्या राजकारणात कधीही पुसली गेली नाही. राजेशाही, प्रजासत्ताकवादी, साम्यवादी अशा सर्वच पक्षांनी तिचा आपापल्या परीने उपयोग करून घेतला.

फ्रेंच अमदानीत या प्रश्नाला कागदी रूप आले. फ्रेंचांनी १८६२ व १८६७ मध्ये दोन टप्प्यांत कोचीन चायना ताब्यात घेऊन तेथे वसाहत स्थापिली आणि १८६३ मध्ये कंबोडियावर आपले संरक्षण लादले. दोहोंमधील सीमा १८७० व १८७३ च्या करारांनी ठरविण्यात आली. तथापि येथे एक भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. सयामशी कंबोडियाची सीमा १९०४ व १९०७ च्या तहांनी, म्हणजे दोन सार्वभौम सत्तांच्या वाटाघाटींतून, निश्चित झाली. कोचीन चायनाकडील सीमेच्या दोन्ही बाजूंस फ्रेंचांचाच अंमल असल्याने ती रेषा आंतरराष्ट्रीय सीमा असण्यापेक्षा दोन प्रशासकीय विभागांमधील हद्द होती. वसाहतीतील अधिकारी व जमीनदार यांचे वजन संरक्षित राज्याच्या दरबारापेक्षा अधिक असल्यामुळे तीत वेळोवेळी होणारे फेरफार बहुधा कोचीन चायनाच्या पथ्यावर पडत. समुद्रातील बेटांच्या प्रशासनासाठी गव्हर्नर-जनरल झ्यूल ब्रेव्ह्ये याने १९३९ मध्ये आखलेली रेषाही अशीच कामचलाऊ होती. पुढे ४ जून १९४९ च्या कायद्यान्वये फ्रान्सने कोचीन चायना व्हिएटनामच्या राज्यास जोडला. कंबोडियाने त्यास हरकत घेतली, पण तिचा उपयोग झाला नाही.

स्वातंत्र्यानंतर (१९५३) नरोदोम सिहानूक याने गेलेल्या प्रदेशावरील दाव्यापेक्षा उरलेल्या सीमेला मान्यता मिळविण्यावर भर दिला, हे त्याच्या मुत्सद्देगिरीचे एक लक्षणीय यश मानावे लागेल. फ्रेंचांच्या भौगोलिक विभागाने तयार केलेले १ : १,००,००० प्रमाणाचे नकाशे त्याच्या राजवटीने १९६४ मध्ये संयुक्त राष्ट्रांकडे ठेवले. दक्षिण व्हिएटनामच्या राष्ट्रीय मुक्ती आघाडीने व उत्तर व्हिएटनामने १९६७ मध्ये कंबोडियाच्या विद्यमान सीमांना मान्यता दिली. १९९३ च्या राज्यघटनेतील दुसऱ्या अनुच्छेदात या इतिहासाचा थेट उल्लेख आहे. १९३३ ते १९५३ या काळात तयार झालेल्या व १९६३ ते १९६९ या काळात आंतरराष्ट्रीय मान्यता मिळालेल्या १ : १,००,००० प्रमाणाच्या नकाशांवरील सीमांच्या आत देशाची प्रादेशिक अखंडता अभंग राहील, असे त्यात म्हटले आहे. एखाद्या देशाच्या घटनेत नकाशाचे प्रमाण लिहिले जावे, ही बाब विरळाच म्हटली पाहिजे.

दरम्यानच्या काळात मात्र दुसरीच एक कागदपत्रांची मालिका तयार झाली होती. व्हिएटनामी सैन्याने जानेवारी १९७९ मध्ये ख्मेर रूज राजवट उलथून टाकली आणि प्नॉमपेन येथे आपल्या पाठिंब्यावरचे शासन आणले. या शासनाने व्हिएटनामशी १९८२ मध्ये सागरी क्षेत्राविषयीचा करार, १९८३ मध्ये सीमाविषयक तत्त्वांचा तह व २७ डिसेंबर १९८५ रोजी सीमानिर्धारणाचा तह केला. हुन सेन हा त्याच वर्षी पंतप्रधान झाला होता. व्हिएटनामचे सैन्य १९८९ पर्यंत कंबोडियात होते. साहजिकच परकीय सैन्याच्या छायेत झालेला तह बंधनकारक मानावा काय, असा प्रश्न १९९१ च्या पॅरिस करारानंतर उपस्थित झाला. विरोधकांचा आणखी एक आक्षेप तांत्रिक स्वरूपाचा होता : तहात घटनेतील नकाशांखेरीज १ : ५०,००० प्रमाणाचे अमेरिकी बनावटीचे नकाशेही आधारभूत धरले होते. हुन सेन याने १० ऑक्टोबर २००५ रोजी हानोई येथे १९८५ च्या तहास पूरक तह केला, तेव्हा हा वाद पुन्हा पेटला. तहावर टीका केल्याबद्दल नभोवाणी केंद्राचा चालक माम सोनांदो व शिक्षक संघटनेचा नेता राँग छुन यांना त्याच महिन्यात अटक झाली. जानेवारी २००६ मध्ये त्यांची सुटका झाली. परंतु सीमेविषयीचे मतप्रदर्शन फौजदारी गुन्हा ठरू शकते, हा पायंडा तेथे पडला.

साम रेन्सीचा जन्म प्नॉमपेन येथे झाला. त्याचा पिता साम सारी हा सिहानूकच्या निकटच्या मंत्र्यांपैकी एक होता. १९५९ मध्ये त्याच्यावर कटाचा आरोप येऊन तो परागंदा झाला व पुढे नाहीसा झाला. रेन्सी १९६५ मध्ये फ्रान्सला गेला. तेथे शिक्षण घेऊन त्याने वित्तव्यवसायात काम केले आणि फुन्सिनपेक या राजेशाहीवादी पक्षाच्या कार्यात भाग घेतला. संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली झालेल्या १९९३ च्या निवडणुकीत तो निवडून आला व अर्थमंत्री झाला. भ्रष्टाचारावर उघड टीका केल्यामुळे त्याचे मंत्रिपद १९९४ मध्ये व संसदेतील जागा १९९५ मध्ये गेली. त्याच वर्षी त्याने स्वतंत्र पक्ष काढला. १९९८ पासून तो साम रेन्सी पक्ष या नावाने ओळखला जाई. ३० मार्च १९९७ रोजी संसदेसमोर त्याच्या सभेवर हातबाँब फेकले गेले व त्यात किमान १६ लोक मृत्युमुखी पडले. बदनामीच्या आरोपावरून डिसेंबर २००५ मध्ये त्यास गैरहजेरीत १८ महिन्यांची शिक्षा झाली आणि फेब्रुवारी २००६ मध्ये राजाने माफी दिल्यावर तो परतला. संरक्षण काढून घेणे, परदेशगमन, गैरहजेरीत शिक्षा व माफी हा क्रम पुढील प्रकरणातही जसाच्या तसा दिसून येतो.

तहाने सीमा कागदावर ठरते; ती जमिनीवर उतरविण्याचे काम वेगळे असते. पहिल्यास सीमानिर्धारण व दुसऱ्यास सीमांकन म्हणतात. कंबोडिया-व्हिएटनाम सीमांकनास सप्टेंबर २००६ मध्ये स्वाय रिएंग प्रांतातील बाव्हेत येथून आरंभ झाला. हा प्रांत व्हिएटनामच्या हद्दीत टोकदार आकारात घुसलेला असून त्यातील या भागास ‘पोपटाची चोच’ असे नाव पडले आहे. येथे सीमेवर डोंगर किंवा मोठी नदी नाही. दोन्हीकडे सपाट भातखाचरे आहेत. अशा प्रदेशात १ : १,००,००० प्रमाणाचा नकाशा किती मदत करील, याचा हिशेब सोपा आहे. नकाशावरील एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरील शंभर मीटर. सीमारेषेची शाई अर्धा मिलिमीटर जाड असेल, तर तिच्याखाली पन्नास मीटर रुंदीचा पट्टा झाकला जातो व एखाद्या शेतकऱ्याचे संपूर्ण खाचर त्यात बसते. प्रत्येक स्तंभाची जागा म्हणूनच दोन्ही देशांच्या संयुक्त तांत्रिक पथकाला प्रत्यक्ष मोजणीने ठरवावी लागे. ती ठरेपर्यंत खुणेसाठी लाकडी खुंट रोवले जात व नंतर त्या जागी क्रमांक असलेला पक्का स्तंभ बसे.

वर्षावासानंतर भिक्षूंना चीवरदान करण्याचा कठिनोत्सव कंबोडियात मोठ्या प्रमाणावर साजरा होतो. अशाच एका समारंभासाठी रेन्सी २५ ऑक्टोबर २००९ रोजी स्वाय रिएंग प्रांताच्या चांत्रिया जिल्ह्यात गेला होता. नियोजित स्तंभ क्रमांक १८५ साठी रोवलेले खुंट आपल्या शेतात आले असून त्यामुळे आपली जमीन व्हिएटनाममध्ये जाईल, अशी तक्रार तेथील गावकऱ्यांनी त्याच्याकडे केली. रेन्सीने त्यांच्यासमवेत शेतात जाऊन सहा खुंट उपटले. व्हिएटनामने या कृत्याचा निषेध केला. हुन सेनच्या कंबोडियन पीपल्स पार्टीकडे त्या वेळी संसदेच्या १२३ पैकी ९० जागा होत्या, तर रेन्सीच्या पक्षाकडे २६. संसदेने १६ नोव्हेंबर रोजी रेन्सीचे संसदीय संरक्षण काढून घेतले. तो तेव्हा परदेशी होता व परतला नाही. दोन गावकऱ्यांना मात्र डिसेंबरमध्ये अटक झाली.

स्वाय रिएंगच्या प्रांतिक न्यायालयाने २७ जानेवारी २०१० रोजी बंद दाराआड सुनावणी करून निकाल दिला. सार्वजनिक मालमत्तेचा नाश व वांशिक विद्वेषाची चिथावणी या दोन आरोपांखाली रेन्सीला गैरहजेरीत दोन वर्षांचा कारावास व ८० लाख रिएल दंड, तर दोघा गावकऱ्यांना प्रत्येकी एक वर्षाचा कारावास अशी शिक्षा झाली. आरोपांना आधार होता तो १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या संक्रमणकालीन प्रशासनाच्या वेळी केलेल्या फौजदारी तरतुदींचा. अपील न्यायालयाने ऑक्टोबर २०१० मध्ये व सर्वोच्च न्यायालयाने १ मार्च २०११ रोजी रेन्सीची शिक्षा कायम केली. लगेच त्याच महिन्यात त्याचे संसद सदस्यत्व रद्द करण्यात आले. या प्रकरणाच्या बहुतेक वृत्तांतांत नेता अग्रभागी व गावकरी पार्श्वभूमीला आढळतात. वस्तुतः तुरुंगवास प्रत्यक्ष भोगला तो या दोघा गावकऱ्यांनी. आपले शेत कोणत्या देशात आहे हा त्यांचा प्रश्न होता व न्यायालयाने त्याचा विचार केला नाही.

कायद्याच्या दृष्टीने या निकालातील कच्चा दुवा हाच आहे. खुंट ही सार्वजनिक मालमत्ता होती असे म्हणण्यासाठी ते योग्य जागी, अधिकृतपणे रोवलेले असले पाहिजेत. ती जागा सीमेवर आहे किंवा नाही, हे तर संयुक्त पथकालाच अद्याप ठरवायचे होते. खुद्द शासनानेच २०१० च्या अखेरीस संसद सदस्यांच्या प्रश्नाला उत्तर देताना स्तंभ क्रमांक १८५ अद्याप बसविलेला नाही आणि दोन्ही बाजूंनी तेथील तात्पुरते खुंट काढून घेण्याचे ठरविले आहे, असे सांगितले. म्हणजे जो खुंट उपटला म्हणून शिक्षा झाली, तो खुंट तेथे राहण्याचे कारण नव्हते. आंतरसंसदीय संघाने आपल्या ठरावांतून हा मुद्दा वारंवार मांडला व प्रश्न राजकीय स्वरूपाचा असल्यामुळे तो न्यायालयात नेणे गैर होते, असे मत दिले. संयुक्त राष्ट्रांचा कंबोडियातील मानवाधिकारविषयक विशेष प्रतिवेदक सूर्य सुबेदी या नेपाळी विधिज्ञाने त्याच वर्षी तेथील न्यायसंस्थेचा अहवाल सादर केला व तिच्या स्वातंत्र्याविषयी चिंता व्यक्त केली.

दुसरा खटला अधिक गुंतागुंतीचा आहे. खुंट कंबोडियाच्या हद्दीत आत रोवले गेले होते हे दाखविण्यासाठी रेन्सीच्या पक्षाने नकाशे प्रसिद्ध केले. हे नकाशे बनावट आहेत, असा शासनाचा आरोप होता. प्नॉमपेनच्या नगर न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१० रोजी बनावट दस्तऐवज व खोटी माहिती पसरविणे या आरोपांवरून त्यास गैरहजेरीत दहा वर्षांची शिक्षा दिली. अपील न्यायालयाने ती २०११ मध्ये सात वर्षांवर आणली. खुंट उपटण्याला दोन वर्षे व नकाशा दाखविण्याला दहा वर्षे, हे प्रमाण बोलके आहे. जुन्या नकाशावर उपग्रहाधारित निर्देशांक बसवून बिंदू काढण्याची रीत सदोष असू शकते. रेन्सीच्या पक्षाने वापरलेली रीत तशी होती, असे मानण्यास जागाही आहे. परंतु सदोष अनुमान व बनावट दस्तऐवज या दोन भिन्न गोष्टी होत. मोजणीतील चूक दाखवून देण्याचे काम भूमापकांचे होते. ते काम दंडन्यायालयाकडे गेल्याने नकाशांची उघड छाननी होण्याची संधी वाया गेली.

शिक्षा झालेल्या व्यक्तीला निवडणूक लढविता येत नसल्यामुळे या खटल्यांचा राजकीय परिणाम उघड होता. २०१२ मध्ये मतदारयादीतूनही रेन्सीचे नाव वगळण्यात आले. त्याच वर्षी त्याचा पक्ष व केम सोखाचा पक्ष यांच्या एकत्रीकरणातून कंबोडिया नॅशनल रेस्क्यू पार्टी स्थापन झाली. सीमाप्रश्न शासनालाही दुर्लक्षिता येईना. ऑगस्ट २०१२ मध्ये हुन सेनने संसदेत या एकाच विषयावर पाच तासांहून अधिक वेळ भाषण केले. जुलै २०१३ मध्ये त्याच्याच विनंतीवरून राजाने रेन्सीला माफी दिली. १९ जुलै रोजी तो परतला तेव्हा त्याच्या स्वागतास प्रचंड जनसमुदाय लोटला होता. स्वतः उमेदवार नसतानाही २८ जुलैच्या निवडणुकीत त्याच्या पक्षाने ५५ जागा मिळविल्या व सत्ताधाऱ्यांच्या जागा ६८ वर आल्या.

ही माफी टिकाऊ ठरली नाही. २०१५ मध्ये विरोधी पक्षाच्या कार्यकर्त्यांनी सीमेवर मोर्चे काढण्यास प्रारंभ केला. जून महिन्यात स्वाय रिएंगमध्ये त्यांची व्हिएटनामी लोकांशी चकमक झाली. हुन सेनने संयुक्त राष्ट्रांकडे ठेवलेल्या जुन्या नकाशांची मागणी केली व ऑगस्टमध्ये ते उसनवार आणवून आपल्याकडील नकाशांशी जाहीरपणे ताडून पाहिले. दोन्ही जुळतात असा निर्वाळा शासनाने दिला. हे पाऊल २००९ मध्येच उचलले गेले असते, तर पुढील बरेच काही टळले असते असे वाटते. पण त्याच महिन्यात सिनेट सदस्य हाँग सोक हूर याला अटक झाली. व्हिएटनामशी झालेल्या १९७९ च्या तहाची फेरफार केलेली प्रत त्याने फेसबुकवर प्रसृत केली होती. सीमा नाहीशी करण्याचे कलम त्या प्रतीत होते. मूळ तहात तसे काही नव्हते. त्यास सात वर्षांची शिक्षा झाली व त्याच प्रकरणी रेन्सीला डिसेंबर २०१६ मध्ये पाच वर्षांची. संसद सदस्य उम साम आन यालाही सीमाविषयक लिखाणाबद्दल अडीच वर्षांची शिक्षा झाली. रेन्सी स्वतः नोव्हेंबर २०१५ मध्ये दुसऱ्या एका खटल्याचे अटकपत्र निघाल्यापासून देशाबाहेर राहिला.

विरोधकांची बाजू निर्दोष होती असे मात्र म्हणता येणार नाही. हाँग सोक हूरच्या प्रकरणातील दस्तऐवज खरा नव्हता. याहून गंभीर आक्षेप रेन्सीच्या प्रचाराच्या सुराविषयी आहे. व्हिएटनामद्वेष हा कंबोडियात निरुपद्रवी नाही. १९७० मध्ये लोन नोलच्या राजवटीत व नंतर ख्मेर रूजच्या हातून व्हिएटनामी वंशाच्या रहिवाशांच्या कत्तली झाल्या. नव्वदीच्या दशकातही असे हल्ले झाले. भूमी गिळणारा शेजारी हे चित्र सभांमधून रंगविले जाते, तेव्हा त्याचे चटके हानोईला न बसता टोन्ले साप सरोवरावरील तरंगत्या घरांत राहणाऱ्या निर्धन कोळ्यांना बसतात. रेन्सीवरील वांशिक चिथावणीचा आरोप खुंटांच्या बाबतीत लागू पडत नव्हता. पण तो सर्वस्वी हवेतून आलेला होता, असेही नव्हे.

नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंबोडिया नॅशनल रेस्क्यू पार्टी विसर्जित केली आणि संसदेतून सीमाप्रश्न विचारणारा पक्ष उरला नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये दोन्ही देशांनी पूर्ण झालेल्या सुमारे ८४ टक्के सीमांकनास मान्यता देणारा पूरक तह व संधिपत्र यांवर सह्या केल्या. ते डिसेंबर २०२० मध्ये अंमलात आले. तत्पूर्वी जुलै २०२० मध्ये त्बाँग ख्मुम प्रांतातील शेतकऱ्यांच्या सीमेवरील जमिनींविषयी निवेदन केल्याबद्दल राँग छुन यास पुन्हा अटक झाली होती. ऑगस्ट २०२१ मध्ये त्याला चिथावणीच्या आरोपावरून दोन वर्षांची शिक्षा सुनावण्यात आली आणि नोव्हेंबरमध्ये त्याची सुटका झाली.